निपाणीचा हुंदका

"निपाणीचा हुंदका ऐकलाय का तुम्ही?"

पाटणे डॉक्टरांनी मला हे विचारलं तेव्हा त्यांच्या तोंडात भडंग होतं. माणूस दातांचा डॉक्टर, पण तोंड मिटून खायचं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी नाही म्हटलं.

"नाही?" बिपिनभाई शहांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या हळदीत भेसळ काढली होती. "मग ताई, तुम्ही तोडकर ऐकलेच नाहीत."

"समोर बसून ऐकलंय मी त्यांना. कॉलेजात असताना, विट्याला."

"विटा!" माईणकर सर हसले. "विट्याला त्यांची तार तुटली होती. 'चिपाड'चं तिसरं कडवं गाळलं त्यांनी त्या दिवशी. आहे माझ्याकडे विट्याची टेप. फार काही नाही तिच्यात."

ज्या संध्याकाळी मी मैदानात मांडी घालून रडले होते, ती संध्याकाळ त्या माणसानं चिमटीनं उचलून केरात टाकली.

हे सगळं सांगलीत, विश्रामबागेत, डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये चाललं होतं. बरीच वर्षं झाली. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तिथं रंगनाथ तोडकरांचे चाहते जमायचे. तोडकर म्हणजे डफळापूरचा माणूस. आधी लग्नाच्या बेंजो पार्टीत वाजवायचा, मग स्वतःच गाणी रचून त्याच बेंजोवर म्हणायला लागला. गाणी सगळी उसाची, ऊसतोडीची, कारखान्याची. कुठल्या कंपनीनं त्याची कधी कॅसेट काढली नाही. त्यामुळे गावोगावी माइकवाल्यांनी आणि हौशी लोकांनी जी काही टेप करून ठेवली, तेवढीच ती गाणी शिल्लक होती. चाहते या टेपांना गावाच्या नावानं ओळखायचे. बार्शी, तासगाव, कुरुंदवाड. मी बँकेत नोकरीला होते आणि ती गाणी मला फार आवडायची म्हणून एका सहकाऱ्याच्या ओळखीनं तिथं गेले होते. बाईमाणूस मी एकटीच, त्यामुळे पहिल्याच दिवशी चहा गाळायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

गाण्यांबद्दल बोलतील असं मला वाटलं होतं. ते टेपांबद्दल बोलत.

"कुरुंदवाडला अर्ध्या गाण्यात कुत्रं भुंकतंय," पाटणे म्हणाले.

"पण तालात भुंकतंय," बिपिनभाई म्हणाले, आणि चेष्टेनं नाही.

मग त्यांनी मला निपाणी ऐकवली. 'चिपाड' सुरू झालं. 'रस नेला कारखान्यानं, चिपाड उरलं दारी.' दुसऱ्या कडव्याच्या मध्यात बेंजो थांबला. टेपच्या खरखरीत काहीतरी सरकल्यासारखा आवाज, आणि मग तोडकरांच्या घशातून एक आवाज आला. त्याला हुंदका म्हणत होते खरे, पण तो कुणीतरी पोटात लाथ मारल्यासारखा आवाज होता. थोडा वेळ काहीच नाही. मग बेंजो पुन्हा सुरू, गाणं पुढे.

"बघा," माईणकर म्हणाले. "कामगाराचं सगळं दुःख त्या एका श्वासात आणलंय." आणि त्यांनी टेप मागं घेतली. पुन्हा हुंदका. पुन्हा मागं.

"माझ्या कॉपीत जरा जास्त ओला वाटतो," पाटणे म्हणाले आणि शेंगदाणा चावला.

ओला. हा शब्द ऐकून माझ्या अंगावर पाल चढल्यासारखं झालं. तरी मी उठून गेले नाही, कारण ती गाणी दुसरीकडे कुठंच मिळत नव्हती.

त्याच रविवारी ठरलं की तोडकरांचा सत्कार करायचा. त्यांनी गाणं सोडून बरीच वर्षं झाली होती आणि ते कुणालाच हो म्हणत नव्हते. खरं म्हणजे ते म्हणत होते, त्यांची बायको म्हणू देत नव्हती.

"तुम्ही जा," माईणकर मला म्हणाले. "बाईमाणसाचं ती ऐकेल."

डफळापूरला घर शोधायला त्रास पडला नाही. बाहेरच्या सोप्यात तोडकर बसले होते. मी ओळखलंच नाही. मैदानातला तो उंच, मान ताठ ठेवून गाणारा माणूस आता खुर्चीत सांडल्यासारखा बसला होता. पण सत्कार म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले.

"किती पब्लिक येईल?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"पन्नासेक माणसं, अण्णा. घरगुतीच आहे."

"पन्नास." त्यांचा चेहरा जरा उतरला. मग म्हणाले, "चालतंय की. जाणकार असली म्हंजे झालं."

त्यांची बायको, तानूआक्का, चहा घेऊन बाहेर आली. ठेंगणी, काटक बाई. तिनं मला चहा दिला, माझी विचारपूस केली, माहेर कुठलं, पोरंबाळं किती. मग सरळ विषयाला आली.

"येऊ आमी. पण 'चिपाड' म्हणायला लावायचं न्हाई. ह्ये निपाणीला ते गाणं म्हणत हुतं, त्याच दिशी आमची नंदी गेली."

तोडकरांनी बेंजो मांडीवर घेतला आणि त्याच्या खुंट्या पिळायला लागले.

तानूआक्कानं मग सगळं सांगितलं. नंदी त्यांची एकुलती एक मुलगी, शाळेत जाणारी. डोक्यात ताप गेला म्हणून मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं. तोडकरांचा निपाणीला कार्यक्रम होता, ते सकाळीच निघून गेले होते. दुपारी पोरगी एकदम खालावली आणि 'अण्णा आला का' एवढंच विचारायला लागली. तेव्हा तानूआक्कानं आपल्या पाठच्या भावाला, भैरूला, निरोप घेऊन जीपनं निपाणीला पाठवलं.

"आणि माझ्या त्या भावानं काय केलं? थितं गेला आणि पब्लिकात उभा ऱ्हाऊन गाणी ऐकत बसला. पार कार्यक्रम सुटल्यावर ह्यांच्या म्होरं आला. ह्ये जीव खाऊन निघालं, पर आलं तवा पोरीच्या तोंडावर चादर घातली हुती. अर्धा तास आधी आलं असतं तर भेट झाली असती, बाई. अर्धा तास."

"भाऊ काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणतोय, मी दाजींना गाणं चालू असतानाच सांगितलं. आईची आण घेतली. मेलेल्या पोरीच्या म्होरं खोटं बोलला. त्या दिवसापास्नं त्याचं तोंड बघितलं न्हाई मी. त्याच्या पोरींच्या लग्नाला गेले न्हाई. आई गेली तवा मातीला गेले, पर त्याच्याकडं बघितलं न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "भाऊबीजेला माझ्या माहेरची, म्हैसाळची यष्टी दारावरनं जाती, तवा मी आत जाऊन बसते."

तोडकर एक तार सोडून दुसरी पिळत होते. मला वाटलं, बापाला मुलीचं ऐकवत नसेल.

मी तानूआक्काला शब्द दिला. 'चिपाड' म्हणायला कुणी सांगणार नाही.

परत येऊन मी हे तिघांना सांगितलं. मुलीचं, भावाचं नाही. ते त्यांच्या घरचं होतं. वाटलं होतं की हे ऐकून यांना निदान त्या हुंदक्याची लाज वाटेल. पाटण्यांच्या डोळ्यांत तर पाणी आलं.

"म्हणजे तो खरा आहे," बिपिनभाई हळू आवाजात म्हणाले.

"काय खरा?"

"हुंदका. बघा ना ताई. त्या क्षणी, तिकडे मुलगी जात असताना, इकडे बापाला आतून कळलं. साठ-सत्तर किलोमीटरवर."

त्यांच्या अंगावर काटा आला होता. त्यांनी मला तो बाही वर करून दाखवला.

माईणकरांनी निपाणीची कॅसेट काढून हातात धरली. ते कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि त्या दिवसांत कॉम्प्युटरवर जुन्या टेपांची खरखर काढायचा त्यांना नाद लागला होता. निपाणीच्या माइकवाल्याच्या मुलाकडून त्यांनी माळ्यावरची मूळ टेप मिळवली होती, हे मला नंतर कळलं.

"'चिपाड' म्हणायला लावायचं नाही," मी पुन्हा म्हटलं. "मी शब्द दिलाय."

"अहो, आम्ही माणसंच आहोत," माईणकर म्हणाले. "एकही माणूस त्यांना ते गाणं म्हणा असं म्हणणार नाही."

सत्काराच्या दिवशी हॉल भरला होता. कोल्हापूर, इचलकरंजी, पार बेळगावहून माणसं आली होती. खिशात नाही तर पिशवीत प्रत्येकाच्या कॅसेटी. एकमेकांना भेटले की नमस्काराच्या आधी कुठली टेप आहे ते विचारायचे. शाल झाली, नारळ झाला, तानूआक्काची ओटी मी भरली. तिला पहिल्या रांगेत बसवलं, मी शेजारी बसले. बिपिनभाईंनी तोडकरांच्या पायाशी टेपरेकॉर्डर ठेवला आणि सुरू केला.

तोडकरांनी बेंजो घेतला आणि 'मोळी' म्हटलं. आवाज फाटला होता, पण पहिल्या ओळीला मी पुन्हा विट्याच्या मैदानात जाऊन बसले, ते खोटं कशाला बोलू. दुसऱ्या कडव्यात मात्र बिपिनभाईंनी हात वर केला.

"अण्णा, माफ करा. कुरुंदवाडला तुम्ही 'पाचट' म्हटलं होतं. आज 'पाला' म्हटलं."

गाणं ज्यानं रचलं त्याला हा हळदीचा व्यापारी शब्द सांगत होता. मला वाटलं, आता अण्णा बेंजो खाली ठेवतील, निदान एक शिवी तरी हासडतील. डफळापूरच्या माणसाला ती काही जड नाही. पण तोडकर ओशाळं हसले.

"व्हय, व्हय. पाचट." आणि कडवं पहिल्यापासून म्हटलं. पाचट आल्यावर बिपिनभाईंनी मान डोलावली, तेव्हा कुठं ते पुढं गेले.

त्यांनी एक नवीन गाणं सुरू केलं. बायकोवर होतं बहुतेक. ते कुणाच्या टेपवर नव्हतं, म्हणून लोक आपापसात कुजबुजायला लागले. ते तोडकरांना कळलं. त्यांनी ते दोन ओळींत आवरतं घेतलं आणि जुन्यावर आले.

मग माईणकर सर उठले. टेबलावर कॉम्प्युटर होता, दोन्ही बाजूंना मोठे स्पीकर.

"अण्णांना आम्ही एक भेट देणार आहोत," ते म्हणाले. "शाल-नारळ कुणीही देतं. आम्ही त्यांना त्यांचाच एक क्षण परत देतोय. निपाणीची मूळ टेप. खरखर सगळी काढलीय. आजवर आपण जे ऐकत आलो त्याच्या मागं काय होतं, ते आज पहिल्यांदा ऐकू येईल."

मी उभी राहिले. "सर, मी शब्द दिलाय."

"त्यांना कुठं म्हणायला सांगतोय?" माईणकर हसून म्हणाले. "आपण फक्त ऐकणार आहोत."

आणि त्यांनी बटण दाबलं.

बेंजो असा स्वच्छ वाजला की जणू तो तरुण तोडकर समोर बसलाय. 'रस नेला कारखान्यानं.' मग फळ्यांवर पावलं वाजली. कुणीतरी स्टेजवर चढत होतं. बेंजो थांबला, आणि माइकच्या अगदी जवळ, दबक्या आवाजात, धापा टाकत एक माणूस बोलला.

"दाजी, चला. नंदी दुपारपास्नं तुमचंच नाव घ्यायलीय. डॉक्टर म्हणतोय, रात निघत न्हाई. भाईर जीप हाय."

मग तो हुंदका. मग थोडी शांतता. कुणीतरी लांबून ओरडलं, "म्हणा, अण्णा!" आणि बेंजो पुन्हा सुरू झाला.

माईणकरांनी तिथं थांबवलं. मग मागच्या बाजूनं एकानं टाळी वाजवली, दुसऱ्यानं वाजवली, आणि बघता बघता सगळे टाळ्या वाजवायला लागले. काही जण रडत होते. माणसं एवढी सुखानं रडताना मी त्याआधी पाहिली नव्हती.

"मुलगी शेवटच्या घटका मोजतेय हे कळलं," माईणकर आवाज चढवून म्हणाले, "आणि तरी हा माणूस गाण्यावरून उठला नाही! याला म्हणतात कलावंत!"

तानूआक्कानं माझं मनगट धरलं होतं.

"ह्यो आमच्या भैरूचा आवाज हाय," ती मला म्हणाली. मग उभी राहिली आणि माईणकरांना मोठ्यानं विचारलं, "सर, ह्याच्यानंतर गाणं बंद झालं का?"

माईणकरांना वाटलं, बाई भारावली आहे. त्यांचा चेहरा खुलला.

"बंद? अहो वहिनी, खरी मैफल तर तिथून पुढं आहे! 'चिपाड' पुरं केलं. मग 'कोयता', मग 'धुराडं'—"

"मध्ये 'मोळी' आहे, सर," बिपिनभाई म्हणाले.

"'मोळी' नंतर."

"नाही सर. 'कोयता', 'मोळी', मग 'धुराडं'. 'मोळी'त मागं जीपचा हॉर्न वाजतो बघा."

"बरोबर, हॉर्न," पाटणे म्हणाले. "तो कसला ते कळत नव्हतं इतके दिवस."

"बरोबर आहे तुमचं," माईणकरांनी कबूल केलं. "आणि शेवटी पुन्हा 'चिपाड'. वन्स मोअर."

"दोनदा," मागून कुणीतरी म्हणालं.

"दोनदा वन्स मोअर," माईणकर म्हणाले. "सव्वा तास, वहिनी. सव्वा तास गायलेत ते त्यानंतर!"

तानूआक्का एकेका गाण्याच्या नावाला मान हलवत होती. सगळं सांगून झाल्यावर ती नवऱ्याकडे वळली. तोडकर शाल पांघरून, बेंजो मांडीवर घेऊन बसले होते. ते तिच्याकडे बघत नव्हते.

"तुमी म्हणला हुता, कार्यक्रम सुटल्यावर भैरू आला."

तोडकर बेंजोची खुंटी पिळायला लागले.

"पोरीच्या मातीपाशी म्हणला हुता. माझ्या भावाला माझ्या म्होरं खोटा पाडला." आणि मग ती बाई, जी इतका वेळ नवऱ्याला अहो-जाहो करत होती, म्हणाली, "का उठला न्हाईस तू?"

त्या शांततेत खट् असा आवाज झाला. बिपिनभाईंची टेप एका बाजूनं संपली होती. त्यांनी वाकून, कुणाच्या नजरेत येऊ नये असं, ती पालटून लावली.

तोडकरांनी मान वर केली. पण बायकोकडे नाही. त्यांनी हॉलकडे पाहिलं, त्या पन्नास माणसांकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि म्हणाले, "पब्लिक उठंना गं."

"वा," पाटणे डॉक्टर पुटपुटले.

मी त्या माणसाचं थोबाड फोडायला हवं होतं. पण मी तोडकरांकडे बघत होते. तो 'वा' त्यांना ऐकू गेला होता आणि तो ऐकून त्यांच्या तोंडावर जे आलं, ते मी कधी विसरणार नाही. त्या माणसाला बरं वाटलं होतं. मुलगी गेली होती, समोर बायको उभी होती, आणि त्याला दाद मिळाल्याचं बरं वाटलं होतं. ज्याच्यासाठी मी मैदानात बसून रडले होते तो माणूस हा होता. तोवर मला त्या चाहत्यांची किळस येत होती. त्या क्षणी त्याची आली, आणि ती जास्त होती.

तानूआक्कानं ओटीतला नारळ आणि खण खुर्चीवर ठेवला आणि चालायला लागली. मी तिच्या मागं गेले. दारात माईणकरांनी आम्हाला गाठलं. त्यांचा चेहरा खरोखरच गोंधळलेला होता.

"वहिनी, आमचं काही चुकलं का? आम्ही तर अण्णांचं मोठेपण..."

"तुमचं कुठं काय चुकलं," तानूआक्का म्हणाली. "तुमी खरखर काढली."

आम्ही जिना उतरत होतो तेव्हा वरून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, 'चिपाड'!" दुसऱ्यानं ओरडलं, तिसऱ्यानं. तानूआक्का कठड्याला धरून थांबली. मीही थांबले. थोडा वेळ काही ऐकू आलं नाही, आणि मग बेंजो वाजला.

ती उरलेल्या पायऱ्या भराभर उतरली.

एसटी स्टँडवर डफळापूरवरून जाणारी जतची गाडी लागलेली होती. मी तिचं तिकीट काढते म्हणाले.

"त्या गाडीला कशाला?" ती म्हणाली. "म्हैसाळची कुठं लागती?"

मी तिला एकटीला सोडणार नव्हते. म्हैसाळला उतरल्यावर ती न विचारता चालत होती. एवढ्या वर्षांत गाव वाढलं होतं, रस्ते सिमेंटचे झाले होते, पण तिचं पाऊल कुठं अडखळलं नाही. वाटेत ती एकदाच बोलली.

"आवाज ऱ्हायला बघ भैरूचा जसाच्या तसा."

घरासमोर एक म्हातारा माणूस खाली बसून विळीवर जनावरांसाठी कडबा तोडत होता. आमच्याकडे त्यानं पाहिलं आणि पुन्हा कडब्याकडे पाहिलं. मग त्याचा हात थांबला.

"भैरू," तानूआक्का म्हणाली.

दारात त्याची बायको आली आणि तिथंच उभी राहिली.

"तू सांगितलं हुतंस."

"दोनदा सांगितलं," भैरू म्हणाला. त्याला काय ते विचारावं लागलं नाही. "एकदा कानात. मग जीपवाला हॉर्न वाजवायला लागला म्हणून पुन्यांदा वर गेलो, त्येच्या म्होरं उभा ऱ्हायलो. हातानं बाजूला केलं मला. पब्लिकला दिसंना झालं म्हणून."

"व्हय."

"तुला आज कुणी सांगितलं?"

"टेप लावली हुती सांगलीत. तुझा आवाज हाय त्यात. म्या ऐकला."

भैरूनं हातातली पेंढी खाली ठेवली. तो रडेल, उठून बहिणीला जवळ घेईल, असं मला वाटलं होतं. मी तेव्हा तरुण होते आणि गाणी फार ऐकलेली होती.

"मी तोंडानं सांगितलेलं पटलं न्हाई," तो म्हणाला. "आईची आण घेतली, ती पटली न्हाई. माझ्या दोन पोरी आत्याबिगर उजवल्या. आई मरताना तुला आणि मला एकत्र बघायचं म्हणत हुती, तवा तू तोंड फिरवून बसलीस. आणि आता टेपचं पटलं व्हय तुला?"

तानूआक्का उन्हात उभी होती. तिला कुणी या म्हटलं नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "टेपचं पटलं."

ती हळूहळू खाली बसली आणि ढिगातली एक पेंढी उचलून तिनं त्याच्यापुढं धरली. भैरूनं ती घेतली नाही. हात लांबवून त्यानं दुसरी घेतली आणि तोडायला लागला.